अकरा फुटी निशाणकाठी, दोन तुकड्यांत

झेंड्याच्या कापडावर आपल्याकडं लोक तासभर भांडतील, रंग कुठला, टोकं किती, जरतार कुठं लावायची, पण ते कापड ज्या काठीवर चढवायचं तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. कुठलीबी मिरवणूक बघा, अंगरखा, मुंडासं, कमरेला कट्यार, पायात करकरणारा जोडा, सगळं एकदम कडक, आणि निशाणाला काय तर लाईट फिटिंगचा पीव्हीसी पाईप, वर तपकिरी ऑइलपेंट मारलेला. वारा आला की मधनं वाकतो आणि पोरगं दोन्ही हातांनी सरळ करत बसतं. जरा बजेट असलं तर स्टीलचा पाईप. तो तर मला बघवतच नाही, दिसण्याचा विषय सोडा, गावातनं जाताना वर महावितरणच्या तारा असतात आणि खाली बारा फुटी लोखंडी पाईप घेऊन नाचणारी पोरं, दरवर्षी कुठंतरी काहीतरी होतंच. वाळका बांबू म्हणजे तारेला लावून बघायचा असं नाही अर्थात, तारेपासनं लांबच राहायचं.

आमचा साताऱ्यातलाच एक छोटा ग्रुप आहे, लाठीकाठी, पट्टा, भाला शिकणारी पोरं आणि आमच्यासारखे काही चाळिशीतले हौशी. यंदा अजिंक्यताऱ्याच्या वेढ्याचा प्रसंग बसवायचा ठरला. म्हणजे डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः येऊन खाली बसला, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू, चार-साडेचार महिने गड भांडला, एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले आणि त्यातल्या एकानं उडालेला बुरूज उलटा त्यांच्याच माणसांवर कोसळला, शेवटी गड गेला, त्याचं नाव आझमतारा झालं, पुढं मराठ्यांनी परत घेतला आणि १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथंच साताऱ्यात झाला. आता हे सगळं वीस मिनिटांत दाखवायचं म्हणल्यावर संवाद कमी आणि निशाण जास्त बोलणार. भगवं उतरतं, मोगली निशाण चढतं, परत भगवं चढतं. त्यामुळं काठी नीट पाहिजेच होती.

लांबी पाहिजे होती दहा-अकरा फूट. अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते वरपर्यंत, टेम्पोत टाकली असती अखंड काठी, पण आम्ही सहा जूनला रायगडलाही जातो, तिथल्या रोपवेच्या डब्यात अकरा फुटी काठी कुठं घालणार? एसटीचं पण तेच, पूर्वी टपावर कॅरियर असायचा, वर टाकलं की झालं, आता ती सोय गेली आणि कंडक्टर नुसतं काठीकडं बघूनच मान हलवतो. म्हणजे काठी सुटी होणारीच पाहिजे.

मग वाद सुरू. एक जण म्हणला पेंटरचा वाढवता येणारा दांडा मिळतो तो आणू, वरनं सुतळी गुंडाळू. दुसरा म्हणला दोन बांबू आणि मधे प्लंबिंगचं सॉकेट. मी म्हणलं मग पीव्हीसीनं काय पाप केलं होतं. परदेशात ही हौस लई जुनी आहे, अमेरिकेत त्यांच्या यादवी युद्धाच्या लढाया करून दाखवणारी मंडळी दोन तुकड्यांची झेंड्याची काठी वापरतात, मधे पितळेची नळी. त्यांचं एक बरं आहे, सगळं कागदावर. ब्रिटिश पायदळाच्या निशाणाचं माप १७६८ च्या हुकमात दिलेलं आहे, कापड साडेसहा फूट बाय सहा फूट आणि काठी वरचं टोक आणि तळाची शेंबी (धातूची टोपी) धरून नऊ फूट दहा इंच, आणि गंमत म्हणजे १८६१ च्या अमेरिकन लष्कराच्या नियमावलीतही तेच माप. लाकूड तिकडं ॲश नावाच्या झाडाचं. ते आपल्याकडं सहज मिळत नाही आणि मिळालं तरी मावळ्याच्या हातात कशाला.

आपल्या निशाणाबद्दल मला सगळ्यात कामाचं वाक्य सापडलं ते ग्रँट डफकडं. हा माणूस १८१८ नंतर इथंच साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी म्हणून होता आणि त्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. तो भगव्या झेंड्याचं वर्णन करतो, लहान, दोन शेपट्यांचा, गडद नारिंगी. लहान! हे वाचून मला एकदम बरं वाटलं, कारण आपल्याकडं दरवर्षी झेंडा मोठा मोठाच होत चाललाय, आणि झेंडा मोठा झाला की काठी जाड होते, जाड झाली की जड होते, मग तो पळणाऱ्या माणसाचा झेंडा राहत नाही, ट्रॉलीवरचा होतो.

ग्रुपमध्ये शेवटी नियम असा ठरला की काठी सुटी होते ती आपल्या आजच्या प्रवासासाठी, पण जोड करायला जे जे वापरायचं ते त्या काळच्या कारागिराच्या हातात असलेलं पाहिजे. बांबू, पितळ, लाख, मेण, अंबाडीची दोरी. स्क्रू नाही, एम-सील नाही, फेविक्विक नाही, बाजारातला बिनसांध्याचा पाईप नाही. धातूच्या नळीनं बांबू जोडणं ही काय आपण शोधून काढलेली गोष्ट नाही, इंग्रज अमदानीतल्या राहुट्यांचे बांबूचे खांब असेच दोन तुकड्यांत यायचे.

काठीसाठी मेस जातीची बांबूकाठी घेतली, भरीव. कळक जातीचा बांबू जाड आणि उंच असतो पण आतनं पोकळ, नळीत दाबला की चिरतो. भरीव मेस वाकते, परत सरळ होते. पाटणकडनं एका पाहुण्याच्या बांधावरची मिळाली. तोड कधीची हे महत्त्वाचं, थंडीतली पाहिजे आणि काठी तीन-चार वर्षं जुनी पाहिजे, कोवळी तोडली की आतल्या गोडीला भुंगा लागतो आणि सहा महिन्यांनी काठीखाली पिवळी पावडर पडायला लागते. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडतात, ते खरं-खोटं मी सोडून देतो, पण थंडीतली तोड आणि नंतर ओढ्यात दाबून ठेवणं यानं फरक पडतो, पाण्यात ती गोडी निघून जाते. मग सावलीत उभी करून वाळवायची. आडवी टाकली की वाकलीच म्हणून समजा.

सरळ करायचं काम बुरूडकाम करणाऱ्या एका मामांनी करून दाखवलं आणि ते खरंच बसून बघण्यासारखं होतं. गोवऱ्यांचा आर केला, ज्वाळा अजिबात नाही, काठीला करंजाचं तेल चोपडलं आणि एकेक पेर त्या आरावर फिरवत राहिले. थोड्या वेळानं तोडलेल्या टोकातनं फसफस आवाज येऊन पाणी बुडबुडत बाहेर यायला लागलं. मामा म्हणले, "आता मऊ पडली बघ, आता वळंल." जमिनीत पुरलेला एक दुबेळका ठोकळा होता, त्यात काठी अडकवून नुसतं अंगाचं वजन टाकलं, एक डोळा मिटून धारेतनं बघितलं, परत थोडं, आणि लगेच ओलं फडकं गुंडाळलं. फडकं काढेपर्यंत ते पेर तिथंच बसलेलं. मी घाई करून पुढच्या पेराला हात घालायला गेलो तर म्हणले, "दम धर, गार होऊ दे, न्हाईतर परत आपल्या वळणावर जाती." गाठी तासायला त्यांनी पटाशी घेतली नाही, कोयत्याच्या पात्यानं खरवडल्या, नंतर फुटक्या काचेनं. वरची साल शक्यतो सोलायची नाही कारण बांबूची सगळी ताकद त्या बाहेरच्या सालीतच असते, आत जावं तसा तो मऊ होत जातो.

याच कारणानं जोडाचा विचार उलटा करावा लागतो. लाकडाची काठी असती तर तोंड तासून बारीक करून नळीत घातलं असतं. बांबूला तसं केलं की जिथं जोर येणार तिथलीच साल गेली. म्हणून एकच काठी घ्यायची आणि तीच कापायची, म्हणजे खालच्या तुकड्याचं वरचं टोक आणि वरच्या तुकड्याचं खालचं टोक जवळजवळ सारख्याच जाडीचं येतं. आणि कापताना गाठीच्या जवळ, म्हणजे दोन्हीकडं टोकाला गाठ राहील अशी जागा बघायची, ती मिळाली नाही तर काठी बदलायची, जागा बदलायची नाही.

कुठं कापायची? सगळे म्हणणार मधे. पण निशाण धरणारा माणूस वरचा हात साधारण छातीला-खांद्याला ठेवतो, आणि वाऱ्यानं काठी वाकते तेव्हा सगळा ताण त्या वरच्या हाताशी येतो. अकरा फुटांचे निम्मे केले की जोड साडेपाच फुटांवर, हाताच्या लई जवळ. म्हणून आम्ही खालचा तुकडा सहा फुटांचा ठेवला आणि वरचा पाच. जोड डोक्याच्या वर जातो, तिथं ताण कमी, आणि कापडाचा नेफा पूर्ण वरच्या तुकड्यावर बसतो, नळी कापडाखाली येत नाही, झेंडा न काढता काठी सुटी करता येते. सहा फुटी तुकडा एसटीत सीटच्या बाजूनं उभा राहतो, हेही बघितलं होतं.

नळीसाठी तांबटकाम करणारे एक काका गाठले. आता त्यांच्याकडं मुख्य काम म्हणजे बंब दुरुस्ती आणि देवाच्या भांड्यांना पॉलिश. पहिला प्रश्न, "पाईप आणून कापा की सरळ, मला कशाला तरास?" मग सगळी कथा सांगितली, अजिंक्यतारा, औरंगजेब, ग्रँट डफ. ते ऐकून घेतलं आणि म्हणले, "बरं, मग पत्रा वीस गेजचा लागंल." तिथनं पुढं मात्र माणूस माझ्यापेक्षा जास्त पेटला.

नऊ इंच लांबीची नळी. साडेचार इंच खालच्या तुकड्यावर कायमची, साडेचार मोकळी. यापेक्षा आखूड केली की जोड डुगडुगतो, काठीच्या जाडीच्या तीन-साडेतीनपट तरी प्रत्येक बाजूला पाहिजेच. पत्रा लोखंडी सळईवर लाकडी मोगरीनं हळूहळू वळवला, कड कडेवर थोडी चढवली, तारेनं बांधला, सांध्यावर टाकणखार आणि डाकाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, कीस टाकून भट्टीत धरला. टाकणखार आधी फुगून पांढरा होतो, मग बसतो, मग वितळून सांध्यात शिरतो, आणि त्याच्या मागोमाग डाक एका क्षणात पळतो, ती चमकती रेघ इकडनं तिकडं गेली की काका लगेच बाहेर काढणार. एक क्षण जास्त झाला तर पत्राच वितळतो, पितळ आणि डाक यांच्यात फार अंतर नसतं. मग चिंचेच्या पाण्यात टाकून काळं काढलं.

दोन गोष्टी त्यांनी स्वतःहून केल्या ज्या माझ्या डोक्यात नव्हत्या. नळीच्या वरच्या तोंडाची कड बाहेर वळवली, बारीक गोल ओठ आला. म्हणले सरळ कड राहिली तर वाऱ्यात बांबू त्या कडेवर घासून तिथनंच कापणार. आणि दुसरं, सांधा कुठल्या बाजूला ठेवायचा यावर वाद घातला. कापड ज्या दिशेला ओढतं त्या बाजूला नाही आणि बरोबर त्याच्या पाठीमागं पण नाही, आडव्या बाजूला. काठी वाकताना एक बाजू ताणते, एक दाबली जाते, आडव्या बाजूला दोन्ही कमी. इंजिनिअरिंगला मला हेच शिकवायला एक सेमिस्टर लागलं होतं.

बसवायला लाख. जुन्या तलवारींच्या मुठीत पात्याची शेपटी लाखेनंच पक्की केलेली असते, तेच तंत्र. लाखेत विटेची वस्त्रगाळ पूड मिसळायची, नुसती लाख ठिसूळ होते. नळी गरम करायची, बांबूच्या टोकाला लाख लावायची, आणि फिरवत आत दाबायची. जास्तीची बाहेर येते ती गरम असतानाच पुसली तर पुसली. वरनं गाठीजवळ गिरमिटानं एकच भोक पाडून पितळेचा रिवेट आरपार, दोन्हीकडं ठोकून सपाट. एकच, कारण प्रत्येक भोक म्हणजे चिरण्याची सोय. नळीच्या खाली आणि वरच्या तुकड्याच्या टोकाच्या पुढं अंबाडीच्या बारीक दोरीची घट्ट वेटाळी, तिच्यावर पातळ लाख. वरचा तुकडा फिरून निसटू नये म्हणून मोकळ्या बाजूला बाभळीची खुंटी, आणि खुंटी दोरीनं काठीलाच बांधलेली, नाहीतर ऐन वेळी ती सगळ्यात आधी हरवणार.

तळाची लोखंडी शेंबी लोहाराकडं. तापवून चढवली, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी, आणि पाणी मारलं. गार होताना तिनं बांबूला असं आवळलं की त्याला ना लाख लागली ना खिळा. टोकाला भाल्याचं पातं, धार न लावलेलं आणि टोक गोल केलेलं, कारण गर्दीत पोरं असतात, आणि परवानगीच्या वेळी पोलीस स्टेशनला तेच पहिलं विचारतात. बांबूला शेवटी जवसाचं तेल, चोळून चोळून. एकूण वजन अडीच किलोच्या आसपास.

भाल्यांची पाती कशी बसवायचे ते बघायला मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेलो होतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधनं वाघनखं आली होती तेव्हा तिथं गर्दी असायची, सगळे तिकडं, मी आपला दांड्यांकडं आणि नळ्यांकडं वाकून बघतोय, सिक्युरिटीवाल्याला शंका येईपर्यंत.

आता वारा. साताऱ्यात वाऱ्याची टेस्ट करायची म्हणल्यावर चाळकेवाडीचं पठार सोडून दुसरीकडं कशाला जायचं, पवनचक्क्या उगाच नाही लावल्या तिथं. तीन फूट उंचीचं, दोन शेपटांचं सुती कापड चढवलं आणि उभं राहिलो. काठी वाकली, पण बघितलं तर पितळेची नळी सरळ आणि वाक वर-खाली वाटला गेलेला, आणि सगळ्यात तीव्र वाक बरोबर नळीच्या तोंडाच्या वर, जिथं काकांनी ओठ वळवला होता तिथं. नंतर काढून बघितलं, बांबूवर साधा ओरखडा नाही. सोबत आमच्यातल्या एकाचे चुलते आलेले, त्यांच्या गावची सासनकाठी चैत्रात जोतिबाला जाते, तीस-चाळीस फुटांची काठी नाचवलेला माणूस. ते आमच्या पोरांना बघून हसतच होते. "अरं तिला धरून कशाला ठेवताय? वारं आलं की तिच्यासंगं आंग फिरवा. कमरंत घट्ट, हातात सैल." पाच मिनिटांत पोरांची धरण्याची पद्धतच बदलली. सासनकाठीला चारी बाजूंनी दोऱ्या धरायला माणसं असतात, आमचा एकटाच, त्यामुळं कमरेच्या पट्ट्याला चामड्याचा खोलगट कप शिवून घेतला आणि शेंबी त्यात.

जोडाचा एक स्वभाव आहे तो सांभाळावा लागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बांबू आकसतो आणि वरचा तुकडा नळीत खुळखुळतो, तेव्हा टोकावर मेण चोळलेल्या दोऱ्याचे चार वेढे द्यायचे. पावसाळ्यात उलटं, फुगून असा अडकतो की दोन माणसं दोन्हीकडनं ओढताहेत. त्यावर उपाय एवढाच की घरी ठेवताना तुकडे सुटेच ठेवायचे, नळीत मेण, आणि अडकलाच तर ठोकायचं नाही, पिळत काढायचा. ठोकला की लाख तडकते. सहा जूनला रायगडावर पाऊस असतोच, तिथं खाली उतरेपर्यंत जोडलेलीच ठेवणार, रोपवेच्या रांगेत झगडत बसण्यापेक्षा पायऱ्यांनी उतरलेलं बरं, मग सुटी करण्याचा उपयोग काय असं बायको विचारते, तिला म्हणलं जाताना आहे ना.

कार्यक्रमात निशाण उतरवायचा प्रसंग होता तिथं या जोडाचा वेगळाच फायदा झाला. खालचा तुकडा दगडांच्या बेचक्यात रोवलेला तसाच राहिला, खुंटी काढली, वरचा तुकडा निशाणासकट उचलून मावळा मागं गेला आणि त्याच नळीत मोगली निशाणाचा तुकडा बसला. बघणाऱ्यांत एकदम शांतता आणि मग कुणीतरी मागनं शिवी घातली, ती औरंगजेबाला होती असं मी समजतो.

तो मोगली तुकडा मात्र सध्या कामचलाऊ आहे, साधं हिरवं कापड लावून भागवलं. ऐने-अकबरीत, म्हणजे अकबराच्या कारभारावरच्या ग्रंथात, आलम म्हणजे निशाण आहे, वनगाईच्या (याकच्या) शेपटांचे तोग म्हणजे ध्वजदंड आहेत, आणि माही-मरातिब या मोगली मानचिन्हातला तो धातूचा मासा तर काठीच्या टोकावरच बसतो. मासा करायचाय. पण त्याचं वजन सगळं वर येणार, म्हणजे तिथं पाच फुटी तुकडा चालणार नाही, काठी जाड घ्यावी लागेल आणि कदाचित तीन तुकडे, दोन नळ्या. काकांना विचारलं तर म्हणले मासा ठोकून देतो, पत्रा तेवढा पातळ आण, आणि दिवाळी होऊ दे, आत्ता बंबांचा सीझन आहे.